फुलं पाहायला निघालात? मग शिखराची घाई नको!

मार्च लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, संदकफूच्या ट्रेकला चाललोय. कुठल्या गोळ्या बरोबर ठेवू?" गोळ्यांचं नंतर बघू. आधी मला सांगा, पहिल्या रात्री मुक्काम कुठे आहे?

पश्चिम बंगालमधल्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात वसंतात गुरांस, म्हणजेच ऱ्होडोडेंड्रॉन, आणि मॅग्नोलिया फुलतात. ती पाहायला लोक मानेभंजनहून निघतात. हे गाव साधारण २,००० मीटरवर आहे आणि संदकफू ३,६३६ मीटरवर. जीपने हा चढ एका दिवसात होतो. नेमकी तिथेच गडबड होते.

इतक्या उंचीवरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला काही दिवस लागतात. "आम्ही कळसूबाई केलंय" हे इथे उपयोगाचं नाही. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. तुमची वाट सुरूच होते तिच्या माथ्याहून वर! शिवाय रोज पळणाऱ्या तरुणालाही उंचीचा त्रास होऊ शकतो. दमसास चांगला म्हणजे त्रास होणार नाही, असं नसतं.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, भूक न लागणं, खूप थकवा ही पहिली लक्षणं. ती दिसली तर आणखी वर चढू नका. बसल्याजागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याला लगेच खाली उतरवा. ऑक्सिजन आणि औषधं द्यावीत, पण त्यासाठी उतरणं लांबवू नये.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम आहे. तुमलिंग, मग कालीपोखरी, मग संदकफू असे मुक्काम करत चाललात तर तो जवळपास पाळला जातो. ॲसिटाझोलामाइड हे औषध काहींना उपयोगी पडतं, पण ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर तसं आधी सांगा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांनी तर बुकिंग करण्यापूर्वीच तपासून घ्यावं.

आता माझं स्पष्ट मत. ज्या सहलीत वाटेत एकही मुक्काम न करता थेट संदकफूला झोपायला नेतात, ती घेऊ नका, कितीही स्वस्त असो. "पैसे भरलेत, ग्रुप थांबणार नाही" म्हणून डोकेदुखी लपवणारे लोक मला जास्त काळजीत टाकतात.

आणि एक गंमत लक्षात घ्या. गुरांस आधी खालच्या जंगलात फुलतो आणि मग हळूहळू वर सरकतो. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला बहर बघायला शिखर गाठावंच लागतं असं नाही. तुमलिंगहून परत फिरलात तरी वाटेत फुलं भेटतात. फुलालाही वर जायला काही आठवडे लागतात. आपण दोन दिवस जास्त घेतले तर काय बिघडलं?