खांदेरीचा दिवा : ना उपकार, ना कलंक

१/ खांदेरीच्या दीपगृहाविषयी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'इंग्रजांनी निदान दिवे तरी लावले' हे पहिले; 'मराठ्यांच्या दुर्गावर इंग्रजांचा मनोरा कशाला?' हे दुसरे. दोन्ही टाळ्या घेतात आणि दोन्ही इतिहासाला सोडून आहेत.

२/ आधी भूगोल पाहू. थळच्या किनाऱ्यासमोरचे हे बेट मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील तोंडावर आहे. दक्षिणेहून बंदराकडे जाणाऱ्या गलबतांवर येथून नजर ठेवता येते. म्हणूनच शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये येथे तटबंदी आरंभली.

३/ इंग्रजांना हा धोका तत्काळ उमगला. बांधकाम रोखण्यासाठी त्यांनी जहाजे धाडली; मायनाक भंडारी बेटावर पाय रोवून राहिले, दौलतखान आरमार घेऊन आले. १६८० च्या आरंभी इंग्रजांना तह करून वेढा उठवावा लागला. पुढे १७१८ मध्ये गव्हर्नर बूनची स्वारीही कान्होजी आंग्र्यांनी परतवली.

४/ १८१८ नंतर सत्ता बदलली, पण खडक तेच राहिले. भोवतीचे जे खडक दुर्गाची ढाल होते, तेच आता मुंबईकडे येणाऱ्या मालवाहू जहाजांच्या जिवावर उठणारे ठरले. १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले.

५/ 'उपकार' म्हणणाऱ्यांनी सनावळी पाहावी. १८५३ : मुंबई-ठाणे रेल्वे. १८६१-६५ : अमेरिकेतील यादवी आणि मुंबईच्या कापसाची तेजी. १८६७ : खांदेरीचा दिवा. १८६९ : सुएझ कालवा. १८७५ : कुलाब्याजवळचे प्राँग्ज दीपगृह. व्यापार वाढत गेला, तसे दिवे लागत गेले. १९२७ च्या दीपगृह कायद्याने तर जहाजांकडून रीतसर शुल्क घेतले जाई. पैसे घेऊन दिलेल्या सेवेला उपकार म्हणत नाहीत.

६/ दिवा लागण्याआधी या पाण्यात कोणी वावरत नव्हते काय? बेटावरचा वेताळदेव कोळ्यांचे श्रद्धास्थान आहे. येथील खडक त्यांना कोणा अभियंत्याने दाखवले नाहीत.

७/ आता 'कलंक' म्हणणाऱ्यांसाठी. दीडशे वर्षांहून जुना हा मनोरा पुसून टाकला, तर १६७९ चा संघर्ष उलट धूसर होईल. जलमार्गावरील ज्या मोक्याच्या जागेसाठी मराठे लढले, तिचेच मोल इंग्रजांना दिवा उभारून मान्य करावे लागले. आज बेटाला आणि दीपगृहाला नाव आहे ते कान्होजींचे. कंपनी ज्यांना चाचा म्हणत होती, त्यांच्याच नावाचा प्रकाश आता जहाजांना वाट दाखवतो.

८/ २०२५ मध्ये बारा मराठा दुर्गांसह खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या बारांपैकी तो एक. आता तेथे माहितीफलक लागतील, वाटाडे बोलतील. त्यात तटबंदी, वेताळ आणि दीपगृह ही तिन्ही एकत्र सांगितली जावीत, असा आग्रह आपणच धरला पाहिजे. एक थर गाळून सांगितलेली गोष्ट अभिमान वाढवील कदाचित. समज वाढवणार नाही.