उसना सूर



आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने परवा आम्हांस विचारले, "सर, यूट्यूबवर चित्रफिती घालायच्या तर कोणता विषय घ्यावा? सध्या काय चालते?" त्याने आधी केलेल्या दोन-तीन चित्रफिती आम्ही पाहिल्या होत्या. त्यांतील मुलगा आमच्या वर्गातला नव्हेच! हातवारे कोणा मुंबईकराचे, उच्चार कोणा पुणेकराचे आणि उत्साह तर बाजारातून वजनावर आणल्यासारखा. हाच मुलगा मधल्या सुट्टीत आपल्या आजोबांच्या मासेमारीच्या गोष्टी सांगू लागला की भोवती मुलांचे कोंडाळे जमते, हे आम्ही व्हरांड्यातून कितीदा तरी पाहिले आहे.

त्याला हसण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाही. आमची मातृभाषा कोकणी. महाविद्यालयात असताना आमच्या मराठीतील हेल ऐकून सोबती हसत. ते चुकविण्यासाठी आम्ही एका प्राध्यापकांची बोलण्याची ढब उचलली आणि दोन वर्षे तिच्यावर निभावून नेले. एका वक्तृत्वस्पर्धेनंतर परीक्षकांनी जवळ बोलावून सांगितले, "भाषण निर्दोष होते, पण बोलत कोण होते ते कळले नाही." त्या दिवशी आम्हांस बक्षीस मिळाले होते. तरीही घरी परतताना मन खट्टू होते.

त्या विद्यार्थ्याला आम्ही तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर सुचले ते माळव्याची आठवण झाल्यावर. मागे एका सुट्टीत आम्ही इंदूरला उतरून देवास व धार ही दोन्ही गावे पाहून आलो होतो. ही पवारांची जुनी संस्थाने. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत. गावाच्या मध्ये देवीची टेकडी आहे आणि तिच्या पायथ्याशी 'भानुकुल' नावाचे घर आहे. पंडित कुमार गंधर्वांचे ते घर.

कुमारांचा जन्म 1924 सालचा, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा. मूळ नाव शिवपुत्र, मातृभाषा कानडी. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हे मूल त्यांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवी. श्रोते थक्क होत. 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली तीही बालवयातच. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याला लाखोंनी पाहिले असते! परंतु ती सारी करामत दुसऱ्यांच्या गळ्यांची होती. पुढे मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्यासारखे गुरू लाभले. एकाच घराण्याच्या कुंपणात शिष्याला कोंडून न ठेवता अनेक ठिकाणच्या चिजा ऐकविणारे ते गुरू होते. पण ऐन उमेदीत क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 च्या जानेवारीत कुमार देवासला आले. गाण्यास डॉक्टरांची मनाई होती. ज्याचे सारे जगणे गळ्यावर, त्याला सुमारे पाच वर्षे मौन!

अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाला ऐकण्यावाचून दुसरे काम उरले नाही. माळव्यातील बायका ऋतूंची, सणांची, लग्नकार्यांची गाणी गात. नाथपंथी जोगी एकतारीवर निर्गुणी भजने गात दारावरून जात. कुमारांनी ती गाणी टिपली, त्यांच्या चालींचा विचार केला. लोकधुनेतूनच राग उपजतो, ही त्यांची धारणा तेथे घट्ट झाली. त्या धुनांतून त्यांनी मालवती, संजारी यांसारखे नवे राग घडविले आणि त्यांना 'धुनउगम राग' म्हटले. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा तबकड्यांची नक्कल करणारा तो मुलगा मागे राहिला होता. त्यांच्या रचनांचे 'अनूपरागविलास' हे पुस्तक 1965 साली निघाले. पुढे त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' असा कार्यक्रम केला. त्या नावातील 'मला उमजलेले' हे दोन शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात. लहानपणी तबकडीचा शब्दन् शब्द उचलणारा माणूस आता दुसऱ्याचे गाणे गातानाही आपली समजूत पुढे ठेवीत होता.

कित्येक जण म्हणतात, एक फुप्फुस निकामी झाल्यामुळे ते लहान लहान स्वराकृतींनी गात. हीच त्यांची शैली. आम्हांस हे अर्धेच खरे वाटते. दम अपुरा पडलेले रुग्ण त्या काळी हजारोंनी होते. उणिवेने वाट अडविली हे खरे. दुसरी वाट दिसली ती मात्र कानांमुळे. (यावरून आम्ही मुलांना आजारी पडण्याचा सल्ला देत आहो, असे पालकांनी कृपया समजू नये.)

धारला गेलो तेव्हा शिल्पकार र. कृ. फडके यांची आठवण निघणे क्रमप्राप्तच होते. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा त्यांचाच. हे वसईचे, म्हणजे समुद्रकाठचे. पण धारला गेले आणि तेथलेच झाले. 1961 साली पद्मश्री मिळाली तीही धारला राहूनच. देवास काय अन् धार काय, दोन्ही ठिकाणे कलेच्या बाजारपेठेपासून दूर. 'काय चालते' हे विचारायला या माणसांना तेथे कोणी भेटलेही नसते.

यावर कोणी म्हणेल, तो काळ निराळा होता. आज पडद्यावर दररोज नवे काही घातले नाही तर लोक विसरतात. हे खोटे नाही. पण रोज बोलावे लागते म्हणूनच तर ऐकायला वेळ उरत नाही, आणि मग जे सर्वांच्या कानांवर आदळते तेच तोंडून बाहेर पडते. नक्कल करण्यात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. कुमारांचा आरंभही नकलेतूनच झाला. तिचा मुक्काम किती लांबवावयाचा, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि ज्या मुलाच्या घरी आजोबा रोज ओसरीवर बसून फाटके जाळे सांधतात, त्याने विषय शोधायला मुंबईचा आवाज कशाला उसना आणावा?

आम्ही त्याला एवढेच सांगितले, "आठ दिवस काही चित्रित करू नकोस. आजोबांजवळ बस आणि ते काय बोलतात ते ऐक." त्याला ते फारसे रुचले नाही. "आमची भाषा लोकांना कळायची नाही," असे पुटपुटत तो गेला.

तीन आठवड्यांनी त्याने भ्रमणध्वनी आमच्यापुढे धरला. पडद्यावर केवळ दोन म्हातारे हात, सुई आणि जाळे. आजोबा आपल्या बोलीत दोऱ्याच्या गाठीविषयी सांगत होते. मध्येच खोकत होते. मुलाचा आवाज फक्त दोनदा येतो, दोन्ही वेळा प्रश्न विचारण्यापुरता, आणि तो त्याचाच आवाज आहे. पाहणाऱ्यांची संख्या होती एकवीस. त्यांत दोन वेळा आम्हीच होतो.