विश्लेषण: कोटाची स्लीपिंग बॅग होते, पण झोपायचे कुठे?

दिवसा कोट, रात्री स्लीपिंग बॅग. थंडीत रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी असे कपडे अमेरिका आणि युरोपात काही वर्षांपासून वाटले जात आहेत. मात्र अमेरिकेतील काही शहरांत अशी बॅग अंथरणे दंडास पात्र ठरू शकते. ते का?

कोट कसा असतो?

कल्पना तशी नवी नाही. धनगराची घोंगडी अंथरूण, पांघरूण आणि पावसात खोळ अशी तिन्ही कामे करते. डेट्रॉइटमध्ये व्हेरोनिका स्कॉट यांनी डिझाइनचे शिक्षण घेताना २०१० मध्ये पाण्याला दाद न देणारा कोट तयार केला. त्याचा जोडभाग उलगडला की पायही झाकले जातात. नेदरलँड्सच्या ‘शेल्टरसूट’मध्ये जाकिटाला चेनने स्लीपिंग बॅग जोडता येते. सगळा संसार पाठीवर घेऊन फिरणाऱ्याचे एक ओझे त्यामुळे कमी होते.

कोट की काम?

आम्हाला कोट नको, काम हवे, असे एका बेघर महिलेने स्कॉट यांना सुनावले होते. त्यानंतर उभ्या राहिलेल्या ‘एम्पॉवरमेंट प्लॅन’ या संस्थेने निवारा केंद्रांत राहणाऱ्यांनाच हे कोट शिवण्यासाठी नोकरीवर घेतले.

न्यायालय काय म्हणाले?

ऑरेगन राज्यातील ग्रँट्स पास शहराच्या तेव्हाच्या नियमांनुसार, तात्पुरते राहण्यासाठी सार्वजनिक जागेत अंथरूण किंवा स्लीपिंग बॅग टाकली की ती ‘छावणी’ ठरत असे. दंड २९५ डॉलरपासून सुरू होत असे. पुन्हा पुन्हा नियम मोडल्यास तुरुंगवासही होऊ शकत असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी हे नियम वैध ठरवले. शिक्षा बेघर असण्याला नसून कृतीला आहे, असे बहुमताचे म्हणणे. झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नव्हे, असे न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात म्हटले.

मग कोटाचा उपयोग काय?

थंडीत जीव वाचवणे, हे काम तो करतोच. पण अंगावर असेपर्यंत तो कपडा, आणि फुटपाथवर उलगडला की अंथरूण. जानेवारी २०२४ मधील सरकारी मोजणीत अमेरिकेत ७,७१,४८० लोक बेघर आढळले. पाठ टेकण्याच्या जागेचा त्यांचा प्रश्न शिवणयंत्रावर सुटणारा नाही. तो घरांच्या किमती, निवारा केंद्रांतील खाटा आणि शहरांचे नियम यांच्याशी बांधलेला आहे.