गॅस भरला म्हणजे दुरुस्ती झाली का?



पुण्यात आता बऱ्याच सोसायट्यांच्या गच्चीवर सोलरच्या जोडीला हीट पंप आले आहेत. पहाटे आंघोळ करून अभिषेकाला जाणाऱ्या घरांना त्यांचा मोठाच आधार आहे. तो बंद पडला की घरोघरी गीझर सुरू होतात, वीजबिल वाढतं, आणि मग एक वाक्य ठरलेलं असतं: "एवढ्या मोठ्या शहरात एक विश्वासू मेकॅनिक मिळत नाही, नशीब लागतं." मला हे अजिबात मान्य नाही. यात नशिबाचा काही संबंध नाही. आपण पैसे कशाचे देतो आणि कशाचे नाकारतो, यावर आपल्या दारात कोणता माणूस येणार हे ठरतं.

आधी यंत्र समजून घेऊ, अवघड काही नाही. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. म्हणून गीझरला जिथे तीन युनिट लागतात तिथे याला साधारण एक पुरतं. हे काम आतला गॅस करतो आणि तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. चुलीच्या सिलिंडरसारखा तो जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, दुसरं कारण नाही.

मग दरवर्षी "गॅस कमी झालाय" म्हणून हजारो रुपये कशाचे? आमच्या सोसायटीत दीड वर्षात तीनदा गॅस भरला गेला. गळती कुठे सापडली, असं विचारल्यावर तिन्ही वेळा उत्तर एकच, "मॅडम, आता गरम पाणी येतंय ना?"

हेच उत्तर फसवं आहे. बऱ्याच टाक्यांमध्ये अडचणीच्या वेळेसाठी विजेचा साधा रॉड बसवलेला असतो. तो चालू करून ठेवला की पंप आजारी असला तरी पाणी गरमच येतं. कोणाची तक्रार येत नाही, आणि बिल मात्र महिन्याभराने सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये वाटलं जातं.

हे पकडायला इंजिनियर लागत नाही. मी कॉमर्सची, हिशेब तेवढा येतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायचं तर ३०,००० किलोकॅलरी, म्हणजे साधारण ३५ युनिट. ठीकठाक पंपाला त्याचे १२ लागतील. थंडीचे दिवस आणि पाइपातून वाया जाणारी उष्णता धरली तरी १५ ते १८. रोज ३० च्या पुढे आकडा जात असेल तर रॉडच पाणी तापवतोय, हे गच्चीवर न चढता कळतं. त्यासाठी पंपाला वेगळा मीटर हवा, बस.

आता धर्माचं बोलते. दशलक्षणात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण दरवर्षी ऐकतो. त्यात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ते दुकानदारांसाठी आहेत असं समजून आपण ऐकतो आणि घरी येतो. पण त्यातला हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात कमी-जास्त करणं, गच्चीवरच्या गॅसला लागू नाही का? यंत्राच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच गॅस भरायचा असतो. भाजीवाल्याचा काटा आपण डोळे बारीक करून बघतो आणि हजारांचा गॅस अंदाजाने भरू देतो! प्रतिरूपक व्यवहार म्हणजे अस्सल सांगून नक्कल देणं. नव्याच्या भावात लावलेलं जुनं पीसीबी दुसरं काय आहे? विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याचे नियम मोडून व्यवहार. "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" या बोलण्याला मान डोलावणारी श्राविका त्यात वाटेकरी नाही का?

आणि अहिंसा? गळती न शोधता गॅस भरला की तो पुन्हा हवेतच जातो. आर-४१०ए नावाचा गॅस खूप यंत्रांत असतो. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट भारी आहे. एक किलो सुटला तर दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. पाणी गाळून पिणाऱ्या, वायुकायाच्या जीवांचाही विचार करणाऱ्या आपण, याला यत्नाचार म्हणणार का?

काही जणी म्हणतील, यंत्र म्हणजेच आरंभ, त्यापेक्षा गार पाण्याने आंघोळ करा. ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार. पण घरात वयस्क माणसं आहेत, बाळंतिणी आहेत. यंत्र ठेवलंच आहे तर ते नीट ठेवणं ही आपली जबाबदारी आहे. मर्यादा घालायची तर तापमान ६५ वर न ठेवता ५५ वर ठेवा आणि उघड्या पाइपांना आवरण घाला.

मेकॅनिकची बाजूही ऐका. मोठ्या शहरात एसीवाले पुष्कळ, पण हीट पंपाला गॅस, पाणी आणि वीज तिन्ही कळणारा माणूस लागतो. एसीवाला प्लंबरकडे बोट दाखवतो, प्लंबर इलेक्ट्रिशियनकडे. असा तिन्ही जाणणारा माणूस येतो, दोन तास उन्हात गच्चीवर बसतो, कॉइलवरची धूळ धुतो, सेन्सर तपासतो आणि सांगतो, "गॅस बरोबर आहे, टँकरच्या जड पाण्याने आत क्षार साठलेत." त्याने तपासणीचे पैसे मागितले की आपली कमिटी म्हणते, "नुसतं बघायचे एवढे?" पुढच्या वेळी तोही गॅस भरून जाईल. खरं बोलण्याचे पैसे मिळत नाहीत आणि खोट्याचे मिळतात, हे त्याला आपणच शिकवलं. दुसऱ्याचे श्रम फुकट घेणं अचौर्यात बसतं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

वार्षिक कराराचंही तेच. सगळ्यात कमी रकमेचं कोटेशन मंजूर करून आपण खूश होतो. त्या रकमेत माणसाचं पेट्रोलही निघत नसेल तर तो कमावणार कुठून? बिघाडातून आणि सुट्या भागांतून. करारात गॅस, कॉम्प्रेसर आणि पीसीबी धरले आहेत की नाहीत, हे सहीच्या आधी वाचा.

येत्या सोसायटी मीटिंगमध्ये या गोष्टी मांडा. पुरुषांवर सोडू नका, गरम पाण्याची पहिली हाक आपल्यालाच येते.

एक, गच्चीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक वही. कंपनी दर वेळी नवा मुलगा पाठवते, म्हणून इतिहास यंत्रापाशी असला पाहिजे. तारीख, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान, अँपिअर, मीटरचं रीडिंग, काय केलं, सही.

दोन, गळतीची जागा दाखवल्याशिवाय गॅस भरायचा नाही. नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचा फेस लावून ती शोधता येते. मग जोड पक्का करायचा, व्हॅक्यूम करायचं, आणि पाटीवरच्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. नंतर रॉड बंद ठेवून पाणी तापतं का ते बघायचं.

तीन, तपासणीचे पैसे वेगळे आणि न कुरकुरता द्यायचे, काही बदललं नाही तरीही. बिल पक्कं घ्यायचं.

चार, कॉइल धुण्याआधी कबुतराचं घरटं आहे का ते बघायचं. असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं आणि नंतर जाळी लावायची.

घरचा एसीही याच जातीचा आहे, त्यालाही हेच नियम लावा. आणि ज्यांच्या सोसायटीत असा नेमाने वही लिहिणारा माणूस आहे, त्यांनी त्याचं नाव मंदिरातल्या चार जणींना सांगा. त्याला कामं मिळाली तरच तो या शहरात टिकेल.

जय जिनेंद्र.