गेलेले फोटो आणि दुसरी प्रत

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून फोटो डिलीट झाला, तरी तो लगेच नष्ट होत नाही. पुसली जाते ती फाइलची नोंद. चित्राचा डेटा कार्डावर तसाच असतो आणि त्या जागी नवी फाइल लिहिली गेली, की मगच तो जातो. म्हणून चूक लक्षात येताच कार्ड कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवणे, हा खरा पहिला उपाय. लग्नघरात नेमके हेच होत नाही: पुढचे विधी त्याच कार्डावर टिपले जातात आणि सकाळची हळद कायमची हातची जाते.

कार्ड वेळीच बाजूला ठेवले, तर ख्रिस्तोफ ग्रेनिए यांच्या ‘फोटोरेक’सारखे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. प्रत्येक जेपीईजी फाइल ‘एफएफ डी८’ या बाइटांनी सुरू होते; सॉफ्टवेअर कार्डभर अशा खुणा शोधून फाइल उचलते. मूळ नाव आणि फोल्डर मिळत नाहीत, पण फोटो काढल्याची तारीख फाइलमध्येच नोंदलेली असल्याने क्रम पुन्हा लावता येतो. फाइल तुकड्यांत साठवलेली असेल, तर कधी वरचा अर्धा फोटो स्वच्छ येतो आणि खाली नुसता करडा पट्टा. मिळालेले फोटो दुसऱ्या डिस्कवरच उतरवावेत, त्याच कार्डावर कधीही नाही.

फोनचे तसे नाही. आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड असतो, त्यामुळे कचरापेटीतूनही गेलेला फोटो परत मिळण्याची आशा जवळपास नसते. तो हमखास काढून देतो म्हणणाऱ्या ॲपला पैसे देऊ नयेत. गुगल फोटोजवर बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, तेवढीच मुदत.

इथेच मोठा गैरसमज आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर पुसलेला फोटो सिंकमुळे क्लाउडवरूनही पुसला जातो. शिवाय गुगलची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१पासून बंद झाली. आता १५ जीबीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे बसवायचे. जागा संपली, की नवे फोटो वर चढणे थांबते आणि घरात कित्येकदा कुणाच्या लक्षातही येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतही भरवशाची नाही: ती दाबून लहान केलेली असते आणि मूळ तारीख गळते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम घरगुती संग्रहालाही पुरतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. संगणक, एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि परगावच्या बहिणीकडे ठेवलेली दुसरी डिस्क किंवा क्लाउड, एवढ्यात काम भागते. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षे भिस्त ठेवू नये.

‘गुगल टेकआउट’ने संग्रह उतरवताना हाताने दुरुस्त केलेल्या तारखा वेगळ्या जेसन फाइलींत येतात, त्या फोटोंसोबतच जपाव्यात. मग वर्षातून एकदा डिस्क जोडून सर्वांत जुन्या फोल्डरमधले काही फोटो दुसऱ्या संगणकावर उतरवून, पूर्ण आकारात उघडून पाहावेत आणि तारखा जुळतात का तेही तपासावे.