उपटसुंभ कोण?

ज्याच्या हातची सत्ता गेली तो हंबरडा फोडतो, ही जगरहाटीच आहे. पण गेलेली सत्ता बंदुकीच्या जोरावर परत हिसकावून घ्यावयाची, आणि वर पोथ्या लिहून आपणच नाडले गेलो असे जगाकडून वदवून घ्यावयाचे, ही विद्या पिढीजात मालकांनाच साधते. अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतील मळेवाल्यांस ती अशी साधली की, त्यांचे पुराण शंभर वर्षे शाळाशाळांतून पढविले गेले. ते पुराण असे: १८६५ साली यादवी युद्ध संपले, गुलाम सुटले, आणि उत्तरेकडून गालिच्याच्या कापडाची पिशवी काखोटीस मारून भुकेबंगाल उपटसुंभ खाली उतरले. (ह्या पिशवीवरूनच त्यांस 'कार्पेटबॅगर' ही शिवी मिळाली.) त्यांनी अडाणी काळ्यांच्या हाती मते दिली, कायदेमंडळात त्यांस बसविले, खजिना धुऊन नेला, आणि शेवटी तेथल्या सभ्य गृहस्थांनी कंबर कसून देशाचा 'उद्धार' केला. उद्धार हा शब्द आमचा नव्हे, त्या सभ्य गृहस्थांचाच आहे.

ह्या पुराणातील मिसिसिपी संस्थानचा राक्षस म्हणजे गव्हर्नर अॅडेलबर्ट एम्स. वाचकहो, हा राक्षस कोण होता ते आधी पाहू, म्हणजे देवांची ओळख आपोआप पटेल.

एम्सचा जन्म १८३५ साली मेन संस्थानातील रॉकलंड येथला. बाप जहाजाचा कप्तान. १८६१ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेतून हा बाहेर पडतो न पडतो तोच लढाईस तोंड लागले. बुल रनच्या पहिल्याच लढाईत मांडीत गोळी शिरली, तरी गडी तोफ सोडीना. अंगात त्राण होते तोवर हुकूम देत राहिला. ह्याबद्दल पुढे अमेरिकेचे सर्वांत मोठे शौर्यपदक त्यास मिळाले. तिशी गाठण्यापूर्वी तो जनरल झाला होता, आणि १८६५ च्या जानेवारीत फोर्ट फिशर पडला तेव्हा हल्ला करणारी एक डिव्हिजन त्याच्या हाताखाली होती. अशा माणसास पोट जाळण्यासाठी पिशवी घेऊन मिसिसिपीला जाण्याचे कारण काय? तो गेला तो सरकारचा शिपाई म्हणून, सरकारच्या हुकुमाने.

तेथे त्यास काय दिसले? युद्ध हरून वर्ष झाले नाही तोच, १८६५ च्या नोव्हेंबरात, मिसिसिपीच्या गोऱ्या कायदेमंडळाने 'काळे कायदे' करून टाकले होते. काळ्या माणसाने शहराबाहेर जमीन खंडाने घेऊ नये. वर्षारंभी कामाचा करार दाखविता आला नाही तर तो भटक्या ठरावा, त्यास दंड व्हावा, आणि दंड भरेल त्याच्याकडे त्यास कामास जुंपावे. पोरक्या पोरांस उमेदवारीच्या नावाखाली मालकाच्या दावणीस बांधावे, व त्यातही जुन्या मालकाचा हक्क पहिला! गुलामी नावापुरती गेली. दावे तेच, खुंटा तोच. गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती त्याच साली ह्या संस्थानाने फेटाळली. तिला त्याने मान्यता दिली १९९५ साली, आणि त्या मान्यतेचा कागद रीतसर दाखल झाला २०१३ साली. सभ्य गृहस्थांस घाई कसली?

१८६८ च्या जूनमध्ये बत्तीस वर्षांच्या एम्सला तात्पुरता गव्हर्नर नेमण्यात आले. आधीचा गव्हर्नर हम्फ्रीज हा बंडखोर सैन्यातला जनरल. तो खुर्ची सोडीना, तेव्हा शिपाई पाठवून त्यास बाहेर काढावे लागले. पुढल्या वर्षी एम्सने दोन गोष्टी केल्या, आणि मळेवाल्यांनी त्या जन्मभर विसरल्या नाहीत. एक म्हणजे, ज्युरीवर बसण्यास वर्णाची आडकाठी नाही असा हुकूम काढला. दुसरी, न्यायाच्या व कारभाराच्या जागांवर काळी माणसे नेमली. त्यांत नॅचेझ गावी जस्टिस ऑफ दि पीस म्हणून नेमलेला एकवीस वर्षांचा पोरगा होता जॉन लिंच. हा गुलाम म्हणून जन्मला. १८७२ साली तो मिसिसिपीच्या कायदेमंडळाचा सभापती झाला, पुढल्या वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसात जाऊन बसला. म्हाताऱ्या मळेवाल्यांनी पंचवीस वर्षे 'लायकी नाही, लायकी नाही' म्हणून जो टाहो फोडला, तो अशांच्या नावाने. लायकी दिसली की डोळे मिटायचे आणि मग ती दिसत नाही म्हणून ओरडायचे, हा प्रकार आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

१८७० साली एम्स सेनेटर झाला. १८७३ साली गव्हर्नरच्या निवडणुकीस उभा राहिला तो लोकांच्या मतांवर. समोर ऑल्कॉर्न नावाचा बडा मळेवाला, तोही त्याच रिपब्लिकन पक्षाचा. एम्सने त्यास सुमारे १९ हजार मतांनी पाडले. १८७० च्या शिरगणतीत मिसिसिपीत काळे लोक ४ लाख ४४ हजारांवर, गोरे ३ लाख ८३ हजारांच्या आत. मग काळ्यांच्या मतांनी राज्यकर्ता निवडला गेला, तर त्यात जुलूम तो कोणता? बहुसंख्यांनी राज्य निवडावे हाच लोकशाहीचा धडा ना? की बहुसंख्य कोण हे पाहून तो धडा बदलावयाचा असतो?

आता खजिना. कर वाढले, ही त्या पुराणातील मोठी ओवी. कर वाढले हे खरे. पण कशाने वाढले ते पुराणिक सांगत नाहीत. युद्धापूर्वी मिसिसिपीत गरिबाच्या पोरासाठी, मग तो गोरा असो की काळा, सर्व संस्थानभर चालणाऱ्या सरकारी शाळाच नव्हत्या. नव्या घटनेने त्या काढावयाचे बंधन घातले आणि १८७० पासून त्या निघाल्या; १८७१ साली काळ्यांसाठी ऑल्कॉर्न विद्यापीठ निघाले. शाळेस मास्तर लागतो, मास्तरास पगार लागतो, आणि पगार जमिनीच्या करातून येतो. जमीन तर मळेवाल्याची! रडे होते ते येथे. एम्सने १८७५ साली कर खालीही आणला, पण त्यामुळे कोणाच्या डोळ्यांतले पाणी आटले नाही. मिसिसिपीच्या ह्या काळाचा इतिहास १९०१ साली लिहिणारा गार्नर हा काही एम्सचा मित्र नव्हे, पण एम्स जातीने प्रामाणिक होता हे त्यासही लिहावे लागले. 'उद्धार' झाल्यावर ज्या हेमिंग्वे नामक सभ्य गृहस्थास खजिनदार केले, त्याच्या हाती चौदा वर्षे किल्ल्या होत्या. १८९० साली हिशेब तपासला तो ३ लाख १५ हजार डॉलरांवर तूट निघाली, आणि खजिनदारसाहेब तुरुंगात गेले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या!

तर हा उद्धार कसा झाला ते ऐका. १८७४ च्या डिसेंबरात व्हिक्सबर्ग येथे गोऱ्यांच्या जमावाने निवडून आलेल्या काळ्या शेरीफास राजीनामा लिहावयास लाविले. त्याच्या पाठिंब्यास खेड्यापाड्यांतून काळे लोक आले, त्यांतले निदान एकोणतीस मारले गेले. १८७५ साल निवडणुकीचे. ४ सप्टेंबरला क्लिंटन गावी रिपब्लिकनांची सभा होती, बायकापोरे घेऊन लोक जेवणासाठी जमले होते. तेथे गोळीबार झाला. दोन्हीकडची माणसे पडली. नंतर आगगाडीने हत्यारबंद टोळ्या आल्या, आणि कित्येक दिवस घराघरांतून, शेताशेतांतून काळ्या माणसांची शिकार चालली. तीस ते पन्नास जीव गेले. याझू परगण्याच्या शेरीफास जीव घेऊन पळावे लागले. ज्या याझूत काळ्यांचे भरघोस मताधिक्य, तेथे नोव्हेंबरच्या निवडणुकीत रिपब्लिकनांस मते पडली सात. सातशे नव्हे, सात!

एम्सने सप्टेंबरातच प्रेसिडेंट ग्रँट यांजकडे फौज मागितली. अॅटर्नी जनरल पिअरपॉन्ट यांचे उत्तर आले त्याचा मथितार्थ असा की, दक्षिणेत दर पानगळीस उठणाऱ्या ह्या दंग्यांना लोक आता कंटाळले आहेत. मरणारे मरतात आणि कंटाळा येतो पाहणाऱ्यांस! पण खरी मेख निराळीच होती, आणि ती उघडी केली त्याच जॉन लिंचने, १९१३ च्या आपल्या पुस्तकात. खुद्द ग्रँट यांनी त्यास सांगितले की, ओहायो संस्थानचे पुढारी येऊन म्हणाले: मिसिसिपीस फौज धाडाल तर आमच्याकडची निवडणूक हातची जाईल, मिसिसिपी तर तशीही गेलीच आहे. म्हणजे ओहायोच्या ताटात वाढण्यासाठी मिसिसिपीच्या लाखो लोकांपुढचे ताट ओढून घेतले. त्या ओहायोत निवडून आलेले गव्हर्नर हेज १८७७ साली प्रेसिडेंट झाले आणि दक्षिणेतील उरल्यासुरल्या सरकारांच्या पाठची फौजही त्यांनी काढून घेतली. गरज सरो, वैद्य मरो.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या १८७३ साली एम्स निवडून आला, त्याच साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपले 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले होते, कारण गुलामांस दास्यातून सोडविण्यासाठी त्यांनी औदार्य दाखविले, स्वार्थत्याग केला. जोतीरावांचे चुकले नाही. तसे लोक होतेच, आणि एम्स त्यांतलाच. पण अर्पणपत्रिकेची शाई वाळून तीन वर्षे झाली नाहीत तोच त्या सदाचारी लोकांच्या सरकारास कंटाळा आला, हेही लिहून ठेवले पाहिजे.

एम्सचे चुकले नाही असे मात्र आम्ही म्हणत नाही. तो स्वभावाने ताठ. उन्हाळा आला की उत्तरेस कुटुंबाकडे जाई, आणि पाठीमागे कारभार ढिला पडे. ते असो. खरे भांडण आहे ते ऑक्टोबरातील तहाबद्दल. चार्ल्स कॉल्डवेल नावाचा काळा लोहार, गुलामीतून सुटून संस्थानच्या सेनेटात गेलेला, त्यास एम्सने लोकसेनेच्या तुकडीचा कप्तान केले होते. आपली माणसे हत्यारांनिशी घेऊन तो भर दिवसा क्लिंटनमधून चालत गेला, आणि त्यास अडविण्याची कोणाची छाती झाली नाही. तोच एम्सने विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्यांचा शब्द घेतला की निवडणूक शांततेने होईल, आणि त्या शब्दावर लोकसेना मोडली. वर्णावर्णांचे युद्ध पेटेल आणि त्यात काळेच मरतील, ही भीती त्यास होती. भीती खोटी नव्हती. पण लांडग्याचा शब्द घेऊन राखण्या कुत्रा बांधून ठेवावा, असे कोणत्या धनगराने सांगितले? शब्द निवडणुकीपर्यंतही टिकला नाही. ३० डिसेंबरला क्लिंटनमध्ये एका ओळखीच्या गोऱ्याने कॉल्डवेलला पेला घेण्यास म्हणून तळघरात नेले. पेल्यास पेला लागला, तीच खूण. खिडकीतून गोळी आली. त्याच्या विधवेने ती हकीकत पुढे सेनेटच्या चौकशी कमिटीपुढे सांगितली. बाउटवेल यांची ती कमिटी. निवडणूक धाकदपटशाने व खुनांनी जिंकली गेली असाच निष्कर्ष तिने १८७६ साली काढला, जाड दोन खंड छापले, आणि ते कपाटात गेले.

नवे कायदेमंडळ जमताच गव्हर्नरवर महाभियोग आला. पण त्यातली चलाखी पाहा. एम्सला आधी काढले असते तर लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिस गादीवर बसता, तो काळा. म्हणून आधी डेव्हिसला दोषी ठरवून काढले, मग एम्सकडे मोर्चा वळविला. निकाल ठरलेला होता. वकिलांनी तोड काढली: आरोप मागे घ्या, मी राजीनामा देतो. २९ मार्च १८७६ रोजी आरोप मागे घेण्यात आले व एम्सने खुर्ची सोडली. तो चोर होता, तर आरोप मागे का घेतले? आणि नव्हता, तर शंभर वर्षे चोर चोर म्हणून कोणाच्या नावाने ओरडत होता? १८९० साली तर नवी घटना करून डोईपट्टी भरली नाही त्यास मत नाही, घटनेतील कलमाचा अर्थ सांगता आला नाही त्यासही मत नाही, असे ठरविले. आणि उत्तर पटले की नाही हे ठरविणारा अंमलदार गोरा! एवढे केल्यावर बंदुकीची गरजच उरली नाही.

मग उंदराला मांजर साक्ष, तसे इतिहासकार पुढे आले. १९५६ साली सेनेटर जॉन केनेडी यांनी धैर्यशील पुरुषांवर पुस्तक लिहिले, त्यात मिसिसिपीचा लामार हा धैर्यवान. ज्याने १८६१ साली फुटून निघण्याच्या ठरावाचा मसुदा लिहिला व १८७५ साली 'उद्धारा'साठी सभा गाजविल्या, तोच लामार. आणि एम्सच्या कारकिर्दीवर मळेवाल्यांचीच जुनी काजळी. एम्स १९३३ साली सत्त्याण्णव वर्षांचा होऊन वारला होता. पण त्याची मुलगी ब्लांश हयात होती. तिने केनेडींस पत्रांमागून पत्रे लिहिली: पुरावा द्या, नाहीतर दुरुस्ती करा. दुरुस्ती झाली नाही. केनेडी प्रेसिडेंट झाले तरी पत्रे थांबेनात, तेव्हा बाईंच्या नातवास त्यांनी थट्टेने म्हटले, आजीला जरा आवरा. १९६२ साली त्याच केनेडींना, मिसिसिपीच्या विद्यापीठात एका काळ्या विद्यार्थ्यास बसविण्यासाठी, हजारो शिपाई पाठवावे लागले. एम्सने मागितले होते तेच शिपाई, सत्त्याऐंशी वर्षे उशिरा.

ब्लांशबाईंनी शेवटी केनेडींचा नाद सोडला आणि बापाचे चरित्र स्वतःच लिहिले. ते १९६४ साली छापून निघाले. बाई तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या होत्या. त्या साली मिसिसिपीतील मताच्या वयात आलेल्या काळ्या माणसांपैकी शंभरांत सात जणांचीही नावे मतदारयादीत नव्हती.