मरीआईचा गाडा आणि लुगड्याचा पदर



पावसाळ्याच्या तोंडी सेनगाव तालुक्यातील पुसेगाव येथे एका घरी आम्ही चहाला बसलो होतो. घरच्या आजी दारात बसून जुन्या लुगड्याच्या फडक्यातून पाणी गाळीत होत्या. नातू हसून म्हणाला, ‘‘आजी, फिल्टरचा जमाना आलाय.’’ आजी म्हणाल्या, ‘‘नारूच्या टायमाला सरकारच सांगत व्हतं ना, पाणी गाळून प्या म्हून. म्या काय येडी हाय का?’’

आजी येड्या मुळीच नाहीत. नारूचे पिल्लू पाण्यातल्या ज्या बारीक किड्यात दडून माणसाच्या पोटात जाते, तो सायक्लॉप्स फडक्यात अडकतो. देशातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली सापडला, आणि त्या यशात फडक्याचाही मोठा वाटा आहे. परंतु आज आम्हाला त्याच जातीच्या किड्यांवर बसून फिरणाऱ्या दुसऱ्या एका उतारूची ओळख करून द्यायची आहे. तो म्हणजे पटकीचा जंतू. कॉलरा म्हणतात तो हाच.

आमच्या बापजाद्यांच्या काळी पटकी आली की गावात मरीआईचा कोप झाला असे म्हणत. पोतराज अंगावर आसूड ओढी, आणि मरीआईचा गाडा पुढच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडीत. रोग शेजाऱ्याच्या दारात ढकलला की आपण सुटलो! मेलेल्यांच्या सरणाची लाकडे वाहण्याचे काम मात्र आमच्याच माणसांकडे असे. १९५६ साली बाबासाहेबांनी आम्हाला त्या देव्हाऱ्यातून बाहेर काढले. पण मरीआई नाही, तर मग पटकी येते कुठून, हे मुलांना सांगणे आपल्याकडेच राहिले.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात हा जंतू वेगळा काढून दाखविला. आकार स्वल्पविरामासारखा, मागे एक शेपटी. त्याचे नाव व्हिब्रिओ. हे कूळ मोठे आहे, शंभराहून अधिक जाती त्यात मोडतात. बहुतेकांचे बिऱ्हाड समुद्रात आणि खाडीच्या मचूळ पाण्यात असते. कोणी कोळंबीच्या तळ्यात रोग पाडतो, तर कोणी माखलीसारख्या एका लहान जीवाच्या अंगात राहून अंधारात उजेड देतो. माणसाच्या वाटेला जाणारे थोडेच. पटकीच्या जंतूचेही दोनशेच्या वर प्रकार आहेत, पण साथ आणतात ते दोनच.

असे का, याचे उत्तर आम्हाला फार नवलाचे वाटले. पटकीचे विष तयार करणारा जनुक या जंतूचा मूळचा नव्हेच. जंतूंनाही लागणारा एक विषाणू असतो, त्याने तो आणून घातला, असे १९९६ साली सिद्ध झाले. पुढे २००५ साली आणखी कळले की पाण्यातल्या किड्यांच्या कवचावर बसला की हा जंतू आजूबाजूला पडलेले दुसऱ्यांचे जनुक उचलून आपल्यात घेतो. शुद्ध रक्ताची घमेंड त्याला परवडत नाही. अशाच उसनवारीतून नवा प्रकार निघाला आणि १९९२ साली मद्रासकडून बंगालपर्यंत पसरला. जुन्या पटकीतून उठलेल्यांनाही त्याने सोडले नाही.

महाडच्या चवदार तळ्याला आमच्या माणसांचा हात लागला म्हणून १९२७ साली शेण, गोमूत्र आणि दूध-दही ओतून ते तळे ‘शुद्ध’ करण्यात आले होते. त्या घागरींनी पाण्यात जंतू वाढले असतील, कमी खासच झाले नसतील.

पटकी काही इतिहासजमा झालेली नाही. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी-कोयलारीकडे विहिरीच्या दूषित पाण्याने साथ आली आणि माणसे दगावली.

आता लुगड्याकडे येऊ. बांगलादेशातील मतलब भागात बायांना जुनी सुती साडी चार ते आठ पदरी दुमडून पाणी गाळायला शिकविले. पटकीचे रोगी जवळपास निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. जंतू एकटा असला तर फडक्यातून पार जातो, पण किड्यावर बसलेले हजारो त्याच्यासकट अडकतात. साडी जुनी हवी. धुऊन धुऊन सूत फुगते आणि भोके बारीक होतात. नवे कोरे कापड तितके कामाचे नाही.

‘‘मग एक पदर पुरत न्हाई?’’ आजींनी विचारले. नाही. चार तरी हवेत, शिवाय गाळलेले पाणी उकळावे. फडके उन्हात कडक वाळवावे.

आणि तांदळाच्या पेजेसारखे जुलाब सुरू झालेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत दवाखाना गाठावा. चमचा चहाचाच. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून पाजले. शंभरातले तीस दगावत होते, ते चारच्या खाली आले.

आजींनी फडके सोडले, झटकले आणि नातवाला म्हणाल्या, ‘‘धर ते दुसरं टोक.’’